देवाची निद्रा आणि माणसाचे काम

माणसाने स्वतःच्या शरीराची आणि मनाची जी काळजी घ्यावयाची तिचा त्याच्या कामाशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न आज बहुधा कारखाने, कार्यालये आणि व्यवस्थापनशास्त्र यांच्या परिभाषेत विचारला जातो, आणि पुरेशी झोप, वेळेवर जेवण व मनाची निश्चिंती लाभलेला माणूस अधिक आणि चांगले काम करतो, असे त्याचे उत्तर दिले जाते. हे उत्तर अनुभवाला पटणारे आहे; परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने ते मूळ प्रश्नाला स्पर्श करीत नाही, कारण मूळ प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. विश्रांती हे कर्तव्याचेच एक अंग आहे, की कर्तव्यातून काही काळापुरती मिळालेली सूट आहे? ती सूट असेल तर देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहील आणि काम अंगावर आले की सर्वांत आधी तिच्यावरच गदा येईल. ती कर्तव्याचे अंग असेल तर मात्र ती नाकारणे हा कामाच्याच स्वरूपाविषयीचा गैरसमज ठरेल. मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या काठच्या डोंगराळ प्रदेशात वसलेल्या माहूर या क्षेत्राच्या परंपरांमध्ये या प्रश्नाचा विचार फार जुन्या काळापासून, आणि तोही एका अनपेक्षित रूपात, झालेला आढळतो.

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेचे स्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. पण त्याच डोंगररांगेतील दुसऱ्या शिखरावर दत्तात्रेयाचे आणि तिसऱ्यावर त्याची माता अनसूया हिचे स्थान आहे, आणि दत्तसंप्रदायाच्या दृष्टीने माहूरचे महत्त्व या दोन शिखरांमुळे आहे. दत्तात्रेय हा नित्य संचार करणारा देव मानला जातो. तो एका क्षेत्री स्नान करतो, दुसऱ्या क्षेत्री भिक्षा मागतो, तिसरीकडे जप करतो आणि दिवसाच्या शेवटी एका ठिकाणी निद्रेसाठी येतो, अशी त्याची दिनचर्या सांगितली जाते, आणि महाराष्ट्रात रूढ असलेल्या समजुतीप्रमाणे हे निद्रेचे ठिकाण माहूर होय. या दिनचर्येचे सर्व पाठ एकसारखे नाहीत. एका प्रसिद्ध संस्कृत स्तोत्रात स्नान वाराणसीला, जप कोल्हापूरला, भिक्षा माहूरला आणि शयन सह्य पर्वतावर सांगितले आहे. माहूरच्या डोंगरांना सह्याद्रीचाच भाग मानणारी स्थानिक परंपरा या भेदाचा आपल्यापुरता मेळ घालते. महानुभाव पंथ, ज्याच्या पंचकृष्णांमध्ये म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांमध्ये श्रीदत्तात्रेयप्रभूंचा समावेश होतो, माहूर येथील देवदेवेश्वराच्या मंदिराला त्यांचे निद्रास्थान मानतो. तपशील वेगळे असले तरी एक गोष्ट सर्वत्र कायम राहते, ती ही की देवाच्या दिवसाच्या मांडणीत निद्रेला स्वतःचे स्थान आहे आणि ते स्थान तीर्थ म्हणून पूजले जाते.

या गोष्टीचे महत्त्व दत्तात्रेयाच्या आणखी एका विशेषणाशेजारी ती ठेवल्यावर ध्यानात येते. दत्तात्रेयाला 'स्मर्तृगामी' म्हणतात, म्हणजे जो कोणी स्मरण करील त्याच्याकडे तत्काळ धावून जाणारा. त्याला अवधूतही म्हणतात, म्हणजे घर, वस्त्र, संग्रह, वर्णाश्रमाची बंधने या सर्वांचा त्याग केलेला. ज्याला घर नाही त्याला शय्येची नेमकी जागा कशासाठी लागावी, आणि ज्याला कोणत्याही क्षणी हाक मारता येते त्याच्या निद्रेची वेळ का ठरलेली असावी? भक्तांनी या दोन कल्पनांमध्ये विरोध मानलेला नाही, आणि यात केवळ श्रद्धेची सोय पाहणे योग्य होणार नाही. जो सर्वांच्या हाकेला ओ देतो त्याचा दिवस मोजून आखलेला असला पाहिजे आणि त्या आखणीत परतून येण्याची एक जागा असली पाहिजे, ही जाणीव या दिनचर्येच्या मुळाशी दिसते. परब्रह्माला थकवा येत नाही हे सांप्रदायिकांना ठाऊक असते. तरीही त्याची निद्रा सांगितली जाते, कारण माणसाने कसे वागावे याचा आदर्श देवाच्या चरित्रातून घडत असतो, आणि निद्राहीन देवाचे चरित्र माणसाच्या उपयोगी पडले नसते.

महानुभावांच्या वाङ्मयात ही दृष्टी अधिक ठळकपणे प्रकट झाली आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या लीळाचरित्रात पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या निरूपणांइतक्याच काळजीने त्यांच्या दैनंदिन क्रियांची नोंद केली आहे. भोजनाला तेथे आरोगणा म्हणतात, झोपेला पहुड आणि झोपेतून उठण्याला उपहुड. कोणत्या गावी, कोणत्या देवळात किंवा मठात आरोगणा झाली, पहुड झाला, उपहुड झाला, हे लीळांमधून पुन्हापुन्हा येते. स्थानपोथी या ग्रंथात तर अशा स्थळांचाच तपशील आहे, आणि आजही पंथाचे अनुयायी स्वामी जेथे बसले, जेवले किंवा निजले त्या जागी बांधलेल्या ओट्यांना वंदन करतात. आधुनिक वाचकाला या नोंदी कधी कंटाळवाण्या वाटतात, आणि ग्रंथाचे सार काढताना त्या गाळल्या जातात. त्या गाळण्यात मोठी हानी आहे. उपदेश करणारा माणूस जेवतो केव्हा, निजतो केव्हा, हे उपदेशाच्या बाहेरचे मानले की उपदेश हा देहाशिवाय चालणारा व्यापार होऊन बसतो. लीळाचरित्राने तो तसा होऊ दिला नाही.

देहाच्या मर्यादेचा तात्त्विक विचार भारतीय ग्रंथांत दोन दिशांनी आला आहे. पहिली दिशा योगाची. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन करणारा आणि मुळीच न खाणारा, अतिनिद्रा घेणारा आणि सतत जागणारा, या चौघांनाही योग साधत नाही असे सांगून आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांना एकच 'युक्त' हे विशेषण लावले आहे. युक्त म्हणजे योग्य मापाचे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कर्माचे प्रयत्नसुद्धा मापातच असावेत, असे गीता सांगते. म्हणजे विश्रांतीला कामाने मर्यादा घालावी इतकेच तिला अभिप्रेत नाही, कामालाही मर्यादा आहे. प्रवरेच्या तीरावर नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीने या भागाचा जो विस्तार केला त्यातही इंद्रियांना मोजून दिल्याने ती संतुष्ट राहतात आणि त्या संतोषातूनच पुढची साधना सुखाची होते, असा विचार आहे. सतराव्या अध्यायातील गीतेचे वचन याहून कठोर आहे. शास्त्राने न सांगितलेले घोर तप दंभाने आणि हट्टाने करणारे लोक देहातील भूतसमुदायाला कष्टवितात आणि त्याबरोबरच देहात वसणाऱ्या परमेश्वरालाही कष्टवितात, असे तेथे म्हटले आहे. स्वतःला झिजविणे ही फार तर स्वतःपुरती बाब आहे, ही समजूत या एका विचाराने मोडीत निघते. देहात ज्याची वस्ती आहे त्याला त्रास दिला जात असेल तर तो अपराध ठरतो, आणि अपराधाला त्यागाचे नाव देता येत नाही.

दुसरी दिशा आयुर्वेदाची. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे मुख्य आधारांना जोड देणारे टेकू, म्हटले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता, इतकेच नव्हे तर ज्ञान आणि अज्ञान यांचाही संबंध तेथे निद्रेशी जोडला आहे. सुश्रुतसंहितेने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांचे साम्य आणि त्याच्या जोडीला आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता आवश्यक मानली. या लक्षणात काम करण्याच्या क्षमतेचा उल्लेख नाही. स्वस्थ माणूस काम करू शकेल हे ओघाने येते. पण जो काम करू शकतो तो स्वस्थ आहे, असे उलट विधान या लक्षणातून निघत नाही. आजच्या विचारात नेमकी हीच उलटापालट झालेली आहे, कारण कामावर हजर असलेला माणूस बरा आहे असे गृहीत धरले जाते आणि तो कोसळेपर्यंत त्याच्या बरे असण्याची चौकशी होत नाही.

याच्या विरुद्ध बाजूही परंपरेत आहे आणि ती दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गीतेनेच निद्रा, आळस आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा यांतून उपजणाऱ्या सुखाला तामस ठरविले आहे. समर्थ रामदासांनी, ज्यांचे जन्मगाव जांब हेही मराठवाड्यातच आहे, दासबोधात झोपेवर स्वतंत्र समास लिहून श्रवणाच्या वेळी पेंगणाऱ्यांची कठोर संभावना केली आहे आणि प्रयत्नाची थोरवी ठिकठिकाणी सांगितली आहे. या वचनांचा आधार घेऊन विश्रांतीला कमीपणा देणारे लोक एक भेद विसरतात. तामस सुखाचा दोष असा की ते आरंभी आणि परिणामीही बुद्धीला मोह पाडते. जी निद्रा घेतल्याने बुद्धी स्वच्छ होते ती या वर्णनात बसत नाही. रामदासांनी ज्या झोपेची निंदा केली ती अवेळी, भलत्या ठिकाणी आणि ऐकण्याच्या जबाबदारीतून निसटण्यासाठी आलेली झोप आहे, आणि ज्याला रात्री नीट निजू दिले गेले नाही त्यालाच श्रवणाच्या वेळी अशी झोप गाठते, हेही येथे जोडून म्हणता येईल.

तत्त्वाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा विचार मराठी माणसाला उपासनेच्या आचारातून शिकविला गेला आहे. देवळातील दिवस काकड आरतीने उगवतो आणि शेजारतीने मावळतो. देवाला निजविल्यावर दर्शन बंद होते आणि कितीही मोठा भक्त आला तरी त्याला सकाळपर्यंत थांबावे लागते. पंढरपुरात आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात आणि अहोरात्र दर्शन चालू राहते, कारण लाखो वारकरी दूरवरून आलेले असतात; परंतु यात्रा सरल्यानंतर प्रक्षाळपूजा होते, देवाला गरम पाण्याने स्नान घालून त्याचा शिणवटा दूर केला जातो, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखविला जातो आणि पलंग पुन्हा घातला जातो. अधिक कामाचा काळ येतो, तो स्वीकारावाही लागतो; मात्र त्याचा शेवट कोठे होतो हे आधीच ठरलेले असते आणि नंतरची शुश्रूषा कोणाच्या कृपेवर सोडलेली नसते.

या आचाराचे सर्वांत विचारपूर्ण रूप तुळजापूरला पाहावयास मिळते. तेथील भवानीमातेची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलविता येते, आणि वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. शारदीय नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, घोरनिद्रा असते. विजयादशमीला सीमोल्लंघन झाल्यावर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा असते. आणि पौष महिन्यात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा असते. महिषासुराशी नऊ दिवस युद्ध करून थकलेली देवी श्रमनिद्रा घेते, असे भाविक सांगतात. नवरात्राचा उत्सव दोन्ही बाजूंनी निद्रेने वेढलेला आहे, ही रचना सहज घडलेली म्हणता येत नाही. युद्धाच्या आधीची झोप पुढच्या पराक्रमासाठी आहे असे मानले तर ती उत्पादकतेच्या हिशोबात बसते. परंतु युद्ध जिंकून झाल्यावरची झोप त्या हिशोबात बसत नाही. तिच्यामागे पुढचे कोणतेही काम उभे नाही. जो श्रमला त्याला विसावा देणे आहे, एवढेच तिचे कारण आहे. श्रमनिद्रेची ही कल्पना मराठी धर्मजीवनाने जगाच्या विचाराला दिलेली एक मौलिक देणगी आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. विश्रांती दोन कारणांनी देय असते, पुढच्या कामासाठी आणि मागच्या कामाबद्दल; आणि यांपैकी दुसरे कारण पहिल्याच्या आधाराविना उभे राहू शकते.

असे असताना याच परंपरेने झिजून जाण्याचा गौरवही केला आहे, आणि त्याचे अत्यंत हृदयद्रावक उदाहरण माहूरच्याच एका कुटुंबाचे आहे. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्रात, प्रचलित पाठाच्या तिसाव्या अध्यायापासून, माहूर येथील गोपीनाथ नावाच्या संपन्न गृहस्थाची कथा येते. मुले जगत नाहीत म्हणून त्याने दत्ताची आराधना केली आणि झालेल्या मुलाचे नाव दत्त ठेवले. हा मुलगा वाढला, त्याचे लग्न झाले आणि ऐन तारुण्यात त्याला क्षयाने गाठले. त्याची पत्नी रात्रंदिवस त्याची सेवा करू लागली. तो जेवढे घास घेई तेवढेच ती घेई, त्याला दिलेले औषध तीही घेई, आणि त्याच्याबरोबर तीही कृश होत गेली. पुढे तिने पतीला गाणगापूरला गुरू श्रीनृसिंहसरस्वतींकडे नेण्याचा आग्रह धरला. दूरचा प्रवास करून ती तेथे पोहोचली तोच पतीचा मृत्यू झाला. तिने सहगमनाची तयारी केली, एका यतीने तिला स्त्रीधर्माचा उपदेश केला, आणि अग्निप्रवेशापूर्वी गुरूंना वंदन करण्यासाठी ती गेली असता त्यांनी तिला सौभाग्याचा आशीर्वाद दिला व मृत पती उठून बसला, असा कथेचा शेवट आहे.

शतकानुशतके ही कथा पातिव्रत्याचा आदर्श म्हणून वाचली गेली आहे, आणि तिच्यातील प्रेमाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. तरीही तिच्यातील उपवासाचा भाग थांबून पाहण्यासारखा आहे. पत्नीने न खाल्लेल्या घासाने पतीच्या अंगात काय भर पडली? क्षयाच्या रोग्याला उचलणे, कुशीवर वळविणे, रात्री जागणे, त्याचा त्रागा सोसणे या सर्वांसाठी बळ लागते, आणि ते बळ ती स्वतःच्या हाताने कमी करीत होती. तिचा उपवास ही सहवेदना होती. त्या उपवासाने सेवेला आधार मिळाला नाही. याउलट, कथेला ज्या एका निर्णयाने वळण मिळाले तो अगदी निराळ्या जातीचा होता. आपल्याने आता हे होत नाही, कोणाकडे तरी गेले पाहिजे, हे तिने ओळखले, सासूसासऱ्यांचा निरोप घेतला आणि मदत मागण्यासाठी ती घराबाहेर पडली. कीर्तनकारांनी आणि पारायण करणाऱ्यांनी तिच्या कृशतेपेक्षा या निघण्याचा गौरव अधिक करावयास हवा होता. ज्या गावात देवाचे निद्रास्थान आहे त्याच गावात एका सेवा करणाऱ्या स्त्रीला निजण्याची आणि जेवण्याची मुभा स्वतःला देता आली नाही, आणि तिच्याभोवतीच्या समाजाने ती तिला देऊ केली नाही, ही विसंगती केवळ जुन्या ग्रंथातील नाही. घरातील दीर्घकाळच्या रोग्याची, वृद्धाची किंवा अपंग मुलाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आजही आपल्या जेवणाची वेळ शेवटी ठेवतात, आपले दुखणे लपवितात आणि त्याबद्दल त्यांची स्तुती होते. या स्तुतीतच त्यांची हानी आहे.

कालिदासाने हा प्रश्न कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात फार कोमलपणे हाताळला आहे. शिवप्राप्तीसाठी घोर तप करणाऱ्या पार्वतीपुढे ब्रह्मचाऱ्याच्या वेषात स्वतः शिवच येतो आणि तू आपल्या शक्तीच्या मर्यादेत तप करीत आहेस ना, असे विचारतो, कारण धर्माचे पहिले साधन शरीर आहे. ज्याच्यासाठी तप चालले आहे तोच येऊन तपस्विनीच्या प्रकृतीची विचारपूस करतो. ज्याच्यासाठी काम केले जाते त्याने काम करणाऱ्याच्या देहाची चौकशी करावी, हे कवीला स्वाभाविक वाटले. ते मालकांना आणि कुटुंबप्रमुखांनाही वाटावयास हवे.

दीर्घ आणि प्रचंड काम करणाऱ्यांच्या चरित्रांतही आधी मोकळा काळ आणि मग काम, असा क्रम दिसतो. अंबाजोगाईचे दत्तभक्त संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते, आणि त्यांची पंचीकरणावरची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ, अंबाजोगाईला जतन केलेली आहे. त्यांना लेखनासाठी रोज एका ढबू पैशाची शाई लागत असे, असे म्हणतात. मात्र सांप्रदायिक चरित्रे या अफाट लेखनाच्या आधी त्यांच्या माहूर येथील बारा वर्षांच्या वास्तव्याची नोंद करतात. तेथे उपासनेशिवाय त्यांनी काय केले याची जंत्री ती चरित्रे देत नाहीत. चरित्रातील वर्षांचा आकडा शब्दशः घ्यावा की नाही, हा इतिहासकारांचा विषय आहे. परंपरेने मात्र त्या मोकळ्या काळाला वाया गेलेला मानले नाही, तर ग्रंथकर्तृत्वाचा पाया मानले.

विश्रांतीचा धार्मिक आधार कामगारांच्या हक्काच्या लढ्यात प्रत्यक्ष वापरला गेल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, त्या काळी गिरण्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रे चालत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी ही मागणी करताना रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा आधार त्यांनी घेतला, आणि त्या दिवशी कामगाराला समाजासाठीही काही करता यावे, असा व्यापक हेतू त्याला जोडला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी १९१५ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा रविवारचे काम आणि जादा तास कमी केल्याने एकूण उत्पादन घटत नाही, अनेकदा वाढते, असे तिच्या पाहणीत आढळले. लोखंडे यांनी मात्र हा पुरावा हाती येण्याची वाट पाहिली नव्हती. देवाचा वार आहे आणि माणसाला समाज आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले, आणि ते कारण अधिक भक्कम होते. कारण उत्पादनाच्या पुराव्यावर मिळालेली सुट्टी उत्पादनाचा पुरावा उलटला की काढून घेता येते.

ती कशी काढून घेतली जाते याचे जिवंत उदाहरण मराठवाड्यापासून दूर शोधावे लागत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पतिपत्नीच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत अंग मोडून काम करणे भाग असते; एखादा दिवस आजारपणामुळे किंवा पाळीमुळे चुकला तर तो खाडा धरला जातो आणि त्याचा दंड मजुरीतून कापला जातो. या व्यवस्थेत स्त्रीच्या देहाची नैसर्गिक लय हाच कामातील अडथळा ठरला. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया असाधारण प्रमाणात होत असल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतील अनेकींचे वय पुरते पस्तिशीचेही नव्हते.

स्वास्थ्याने उत्पादकता वाढते, या विधानाची कसोटी येथे लागते. एक हंगाम, एक टोळी आणि एक कारखाना एवढाच हिशोब धरला तर ज्या देहातून पाळी आणि गर्भधारणा यांची शक्यता काढून टाकली तो देह खाडे न होऊ देता अधिक टन ऊस तोडू शकतो. पुढच्या वर्षांतील कंबरदुखी, हाडांची झीज आणि अकाली म्हातारपण हे दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडते. म्हणजे केवळ उत्पादनाच्या भाषेत विचार केला तर स्वास्थ्य नष्ट करणेसुद्धा काही काळ किफायतशीर ठरू शकते. म्हणूनच स्वतःची काळजी कामाला पूरक आहे, हा युक्तिवाद खरा असला तरी त्याच्या एकट्याच्या आधारावर विश्रांती सोपविता येत नाही. तिच्यामागे श्रमनिद्रेचे तत्त्व असले पाहिजे, म्हणजे जो श्रमला त्याला विसावा देणे आहे, मग पुढच्या कामाला त्याचा उपयोग होवो वा न होवो. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायाचे तत्त्व असले पाहिजे, म्हणजे देहाला दिलेला अवाजवी कष्ट हा देहात वसणाऱ्यालाही दिलेला कष्ट आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यातील शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून खांदमळणी करतो, त्याला दुसऱ्या दिवसाचे आवतण देतो आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्या दिवसाचा खाडा कोणी बैलाकडून वसूल करीत नाही. ही समज समाजात मुळातच आहे, ती नव्याने शिकवावी लागणार नाही; फक्त ती माणसांपर्यंत, आणि माणसांतही सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईपर्यंत, पोहोचवावी लागेल. साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी ऊसतोडीच्या करारातून खाड्याचा दंड कायमचा काढून टाकावा, आजारपणाचे आणि पाळीचे दिवस मजुरीसह सुट्टीचे धरावेत, शासनाने तसा नियम करून तो पाळला जातो की नाही हे फडावर जाऊन पाहावे, आणि माहूरच्या शिखरावर दत्ताच्या निद्रास्थानापुढे हात जोडणाऱ्या प्रत्येक भाविकाने ही मागणी आपल्या उपासनेचाच भाग समजून तिच्या पाठीशी उभे राहावे.